मंत्रचळावर केटामाइन : घाई नको

महोदय,
आपल्या रविवार पुरवणीतील मंत्रचळावरील (ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा मानसिक आजार) केटामाइन या भुलीच्या औषधाच्या उपचारांचा लेख वाचला. त्यातील उत्साह मात्र पुराव्यापेक्षा मोठा वाटला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या अमेरिकी चाचणीने ही आशा जागवली, तिच्यात अवघे १५ रुग्ण होते आणि शिरेतून दिलेल्या एका मात्रेनंतर केटामाइन घेतलेल्यांपैकी निम्म्यांनाच एका आठवड्यानंतर लक्षणीय आराम होता. शिवाय या औषधाने रक्तदाब वाढतो, व्यसनही लागू शकते. आमच्या बेळगाव-खानापूर भागात तासन्‌तास हात धुणारी बाई आजही 'फार सोवळ्याची' ठरते, तेही कौतुकाने! तिला आधी नेहमीची औषधे पुरेशा मात्रेत आणि भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जायला शिकवणारा वर्तनोपचार, तोही मराठीतून, मिळायला हवा; लेखात त्याचा उल्लेखही नाही.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव