मांडीचं दुखणं, आणि तुझा शंभर किलोचा हट्ट

प्रिय विन्या,

तुझा मेसेज येऊन तीन आठवडे झाले आणि मी उत्तर दिलं नाही. 'मांडी भरून आलीय, होईल बरी' हे मीही खरं धरलं, त्याची चुटपुट लागून राहिली आहे. काल तुझा खांद्यावर बार घेऊन बैठका मारतानाचा व्हिडिओ पाहिला आणि लिहायला बसलो. इकडे सगळे बरे.

मांडी भरून येते तेव्हा दोन्ही येतात, पसरून दुखतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस आणि मग उतार. चार बैठका मारल्या की सैलही पडतात. तुझी एकटी उजवी दुखतेय, आतून, जांघेखाली चार बोटांवर, आणि तीन आठवडे. बोट ठेवून जागा दाखवता येते, म्हणजे स्नायू लचकलाय. मांड्या जवळ आणणारे ते आतले स्नायू, अ‍ॅडक्टर. त्यातला सगळ्यात मोठा खोल बैठकीतून उठताना कंबरही वर ढकलतो, म्हणून तुला चमक नेमकी तळातून सुटताना येते. व्हिडिओत तिसऱ्या बैठकीला उजवा गुडघा आत पडतो आणि तू सगळा भार डावीकडे घेतोस. पुन्हा बघ.

कारणही दिसतंय. पावलांमधलं अंतर वीतभर वाढवलंस आणि त्याच आठवड्यात बारवर दहा किलो चढवलेस. एका वेळी एकच बदल, विन्या! गुडघा चवड्यापुढे गेला तर चालतो का, यावर आपण तालमीत किती रात्री भांडलो. त्यात तू बरोबर होतास, चालतो. पण इथे ऐक.

फुलपाखरासारखे पाय पसरून ताणणं आधी बंद कर. दुखावलेल्या धाग्यांना तू रोज पुन्हा ओढतोयस. कोपराने रगडणं बंद, आणि सेटआधी गोळी तर मुळीच नको. दुखणं लपतं आणि वजन मात्र तेवढंच राहतं.

सकाळी उठल्यावर पाठीवर झोप, गुडघे दुमड, मधे मूठ धर आणि पाच सेकंद हळूहळू जोर वाढवत दाब. दहापैकी किती दुखलं? दोनपर्यंत असेल तर व्यायाम ठरल्याप्रमाणे. तीन ते पाच आलं तर वजन आणि खोली कमी. सहा किंवा त्याच्या पुढे गेलं तर त्या दिवशी बारला हात लावू नकोस.

पूर्ण विश्रांती मात्र नको, स्नायू आणखी कमजोर होतो. गुडघ्यांत उशी धरून तीस-तीस सेकंद पाच वेळा दाब. मग रिकामा बार, वीस किलो. पावलं खांद्याएवढी, चवडे थोडेच बाहेर. मागे गुडघ्याहून जरा उंच बाक ठेव, तीन सेकंदांत खाली, टेकलं न टेकलं की वर. दहाचे तीन सेट. दुसऱ्या सकाळी मुठीचा आकडा वाढला नाही तरच पुढे जा: आधी बाक खाली आण, खोली पूर्ण मिळाली की मग बाजूला अडीच-अडीच किलो. पावलं रुंदावणं सगळ्यात शेवटी, बोट-बोट करून. शंभर किलो त्याच्याही नंतर. मधूने लावलेली पैज त्याच्याकडेच राहू दे.

आणखी एक. बाहेरच्या बाजूने मांडी बधिर होते, चुरचुरते म्हणालास, ते वेगळं आहे. बेल्ट खाली सरकून कमरेच्या हाडापाशी शीर दाबत असणार. एक भोक सैल कर, दोन बोटं वर बांध.

मात्र 'टप्प' असा आवाज आला, मांडी काळीनिळी पडली किंवा पायावर उभं राहवेना, तर घरचे उपाय बंद आणि थेट डॉक्टर. बैठकांनंतर मांड्या टम्म सुजल्या आणि लघवी कोकसारखी काळपट झाली, किंवा व्यायामाशिवाय एकच पाय सुजून गरम लागला, तर सकाळची वाट बघू नकोस, त्याच दिवशी दवाखाना गाठ.

वहिनींची बदली झाली का? चिनूचे दहावीचे क्लास लागले असतील. आप्पांना नमस्कार सांग, त्यांच्या डोळ्याचं काय झालं तेही कळव.

पुढच्या वेळी व्हिडिओ समोरून घे, फोन कमरेच्या उंचीवर ठेवून. आणि उद्यापासून रोज सकाळी मुठीचा आकडा तेवढा पाठव. दोन, तीन, जो असेल तो. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझा,
शिऱ्या