शुश्रूषा करणाऱ्या जोडीदारांचे ऑनलाइन गट रात्री भरवा

संपादक महोदय,

पक्षाघात, पार्किन्सन्स किंवा कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या जोडीदाराची घरी शुश्रूषा करणाऱ्यांसाठी ऑनलाइन गट सुरू होत आहेत. त्यांची गरज आहेच, पण बैठक बहुधा दुपारी चारला ठेवतात. ती वेळ चहाची, औषधाची, कूस बदलण्याची. शिवाय ज्याच्याविषयी बोलायचं, तो माणूस त्याच खोलीत जागा असतो. रात्री साडेनऊ ही वेळ धरा. कॅमेरा बंद, कानात इअरफोन, प्रश्न लिहून विचारायची मुभा आणि दहा-बाराच माणसं. मुला-सुनांचा गट वेगळा ठेवा. ‘मला यांचा राग येतो’ हे लेक ऐकत असताना कोणती आई बोलेल?

गटात एक परिचारिका हवीच. नाहीतर ‘आमच्याकडे असं केलं’ या थाटाचे सल्ले फिरतात आणि ते अंगाशी येतात. नाकातून पोटात जाणाऱ्या, अन्न भरवायच्या नळीचंच घ्या. भरवण्याआधी नळीवरची नाकपुडीजवळची खूण जागेवर आहे का ते पाहायचं. नळी बाहेर सरकली असेल तर ती आत ढकलायची नाही आणि भरवायचंही नाही. अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. पाठ 30 ते 45 अंश उंच, एका वेळी साधारण 200 ते 250 मिली (डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर). सिरिंज वर धरून आपोआप उतरू द्यायचं, दट्ट्याने रेटायचं नाही. आधी आणि नंतर 30 मिली पाणी. त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर, आडवं करायचं नाही. नळी तुंबते ती बहुतेक वेळा गोळ्यांच्या जाड भुकटीने. पाकिटावर एसआर, एक्सएल, सीआर अशी अक्षरं असतील तर ती गोळी कुटायचीच नाही. त्या गोळीतलं औषध हळूहळू सुटायचं असतं, कुटली तर दिवसभराचा डोस एकदम अंगात उतरतो. पर्याय डॉक्टरांकडून लिहून घ्यावा.

बेडसोरचे (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमांचे) फोटो गटात टाकतात, त्यालाही मर्यादा आहे. सावळ्या कातडीवर सुरुवातीची लाली फोटोत दिसतच नाही. माकडहाड, टाचा, खुबा इथे हात लावून पाहावं: आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागलं तर तिथून सुरुवात झाली. तिथे स्पिरिट-पावडर चोळणं आणि बसायला गोल रिंग देणं, दोन्ही घातक. रिंगेच्या कडेने उलट रक्तपुरवठा दाबला जातो. जखम झालीच असेल तर फोटो दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून काढावा, म्हणजे आठवड्याने तुलना करता येते.

डॉक्टरांच्या ऑनलाइन सल्ल्याबाबतही घोळ दिसतो. मार्च 2020च्या केंद्रीय टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार, रुग्ण स्वतः बोलू शकत नसेल तर काळजी घेणारा त्याच्या वतीने सल्ला घेऊ शकतो. ‘पेशंटलाच फोन द्या’ असं सांगितलं तर ही तरतूद जरूर दाखवावी. ई-संजीवनीवर (सरकारच्या ऑनलाइन डॉक्टर-सल्ला सेवेवर) बसण्यापूर्वी ताप, रक्तदाब, ऑक्सिजन, चोवीस तासांची लघवी आणि शौचाला शेवटचं कधी झालं, हे एका कागदावर लिहून ठेवावं. गोळ्यांची पाकिटं हाताशी असावीत. मात्र मॉर्फिन (तीव्र वेदनांवरचं औषध) ऑनलाइन लिहून देता येत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष जावं लागतं, म्हणून आठवडाभराचा साठा उरला असतानाच निघावं. मॉर्फिनसोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध मागून घ्यावं. बद्धकोष्ठतेला कंटाळून कित्येक घरांत मॉर्फिनच बंद होतं आणि दुखणं पुन्हा उसळतं.

आणि जोडीदाराचं स्वतःचं काय? झोप नाही, रडू येतं, जीव नकोसा वाटतो, यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र आणि मोफत आहे. मराठीतही बोलता येतं. डिस्चार्जच्या कागदावर हा नंबर छापायला खर्च काहीच नाही.

जिल्हा रुग्णालयांत जिथे पॅलिएटिव्ह केअरची (गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेची) परिचारिका आहे, तिथे आरोग्य विभागाने आठवड्यातून एक रात्र असा गट चालवावा आणि तो तास तिच्या ड्युटीत धरावा. फावल्या वेळचं काम म्हणून सोपवलं तर पहिल्या बदलीबरोबर गट बंद पडेल.

— घरगुती शुश्रूषेचं प्रशिक्षण देणाऱ्या काही परिचारिका, सातारा