बाबा, फरक फक्त आठ ओळींचा आहे

ती. बाबा आणि प्रिय आई,

शि. सा. न.

हे बोलून सांगितलं असतं तर बाबांनी मधेच फोन आईच्या हातात दिला असता, आई "तू केलंस ते बरोबरच असेल" म्हणाली असती आणि विषय तिथेच मिटला असता. मला तो नुसता मिटवायचा नाहीये, म्हणून लिहिते आहे. वरच्या खोलीतला कॉम्प्युटर आता बंद. नवा लॅपटॉप घेऊन झालाय, त्यात तुमचं सगळं भरूनही झालंय आणि पुढच्या आठवड्यात दादा तो घेऊन येतोय. रागवायचं असेल तर रागवा, पण पत्र पूर्ण वाचून मग.

जिन्याचा विषय काढायचा नाही असं आपलं ठरलंय, म्हणून काढत नाही. एवढंच म्हणते, की व्हिडिओ कॉलसाठी आईला आता वर चढावं लागणार नाही. बाबा, तुमच्या मानेचंही बघा. दुहेरी भिंगाचा चष्मा लावून तुम्ही त्या उंच मॉनिटरसमोर बसता. खालच्या भिंगातून अक्षरं दिसावीत म्हणून हनुवटी वर करता, मान मागे टाकता आणि तासन्‌तास तसेच राहता. मग मानदुखी शेकून कशी थांबणार? लॅपटॉपचा पडदा मुळातच खाली असतो, त्यामुळे तो नेमका खालच्या भिंगात येतो. एरवी लॅपटॉपच्या ज्या बुटकेपणाला लोक नावं ठेवतात, तो तुमच्या चष्म्याला सोयीचा आहे. आणि विंडोज १०ला मिळणाऱ्या मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबल्या. त्या जुन्या यंत्रावर विंडोज ११ चढत नाही आणि तुमचे बँकेचे व्यवहार त्याच्यावरच चालू होते. इतकी कारणं सांगतेय म्हणजे मलाच अपराधी वाटतंय, हे आईला कळलं असेलच. यंदा मी येऊन राहणार होते आणि ते जमत नाहीये. मी तिथे असते तर कदाचित जुन्यावरच भागवलं असतं.

आता मुख्य तक्रार. "तेरा इंच? त्यात काय दिसणार?" दादाचा लॅपटॉप बघून तुम्ही "ही तर पाटी आहे" म्हणाला होतात, ते मी विसरलेले नाही. पण बाबा, तुम्ही हिशेबाचा माणूस, तेव्हा हिशेबच मांडते. किती मावतं हे इंचांवर ठरत नाही, ठिपक्यांवर ठरतं. तुमचा साडेअठरा इंची मॉनिटर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके दाखवतो, म्हणजे एकूण साडेदहा लाखांच्या आसपास. या छोट्यात १९२० गुणिले १०८० आहेत, वीस लाखांच्या वर. ते सगळे तेरा इंचांत बसवल्यावर अक्षरं मुंगीएवढी होतात, म्हणून विंडोज सगळं दीडपट करून दाखवतं. १५० टक्के स्केल म्हणतात ते हेच. तेव्हा कामाला उरतात १२८० गुणिले ७२०. रुंदीत थोडं गेलं, तेवढं सोडून द्या. उंची बघा. जुन्या यंत्रावर खालची पट्टी, म्हणजे टास्कबार, ठिपक्यांच्या ४० ओळी खायची आणि तुमच्या हातात ७२८ उरायच्या. नव्यावर मी ती पट्टी लपवून ठेवलीय, म्हणून ७२० पूर्ण तुमच्या. फरक आठ ओळींचा.

पट्टी गेलेली नाही हं, फक्त लपलीय. माऊस पडद्याच्या अगदी तळाशी नेला की वर येते, बाजूला नेला की पुन्हा खाली जाते.

छोट्या पडद्यासाठी सगळीकडे एकच सल्ला मिळतो: सगळं बारीक करा म्हणजे जास्त मावेल. विशीतल्या डोळ्यांना तो ठीक आहे. तुमच्यासाठी मी उलटं केलंय. जे वाचायचं ते मोठं ठेवलं आणि भोवतीचं सामान हलवलं. तुम्हीच मला वाचायला असं शिकवलंत ना? ओळीखाली पट्टी धरायचात आणि खालचं पान तळहाताने झाकायचात. मी तुमची बोटं बाजूला सारून पुढचं चित्र बघायला धडपडायचे आणि तुम्ही म्हणायचात, "आधी ही ओळ." त्या लॅपटॉपवर बसून एकेक गोष्ट लपवत होते तेव्हा सारखा तुमचा हात डोळ्यांसमोर येत होता.

तर, काय काय हलवलंय ते ऐका. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या खाली आवडत्या पानांची जी रांग असते, ती काढलीय. कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबलं की ती परत येते, पुन्हा दाबलं की जाते. पान पूर्ण पडदाभर हवं असेल तर एफ ११, आणि बाहेर यायलाही एफ ११च. वर्ड-एक्सेलमधली चित्रांच्या बटणांची रुंद रिबन मिटवलीय. लागेल तेव्हा कंट्रोल आणि एफ १, एवढंच लक्षात ठेवा. एखाद्या खणासारखी उघडायची, काम झालं की बंद करायची.

तुमच्या हिशेबाच्या फायलीला मात्र हात लावलाय, आणि ते मी कबूल करते आहे असं समजू नका, सांगते आहे. वरच्या ओळी तुम्ही गोठवून ठेवल्या होत्यात: मोठं शीर्षक, त्याखाली एक मोकळी ओळ, मग वर्ष, मग महिने. मोठ्या मॉनिटरवर ते शोभायचं. इथे मात्र कितीही खाली सरकलं तरी त्या ओळी जागा अडवून बसतात. आता महिन्यांची एकच ओळ गोठवलेली आहे. शीर्षक पुसलेलं नाही, शेजारच्या शीटवर तसंच, तुमच्या त्याच निळ्या रंगात आहे. आकड्याला कुठेही धक्का लावलेला नाही, बेरजा जुळवून बघितल्यात.

आणि बाबा, दोन खिडक्या शेजारी शेजारी लावण्याची तुमची सवय इथे सोडा. १२८०चे दोन भाग केले की प्रत्येकीला ६४० येतात, त्यात ना धड पासबुक दिसतं ना हिशेब. दोन्ही पूर्ण मोठ्या ठेवा आणि ऑल्ट धरून टॅब दाबा. ही पुढे, ती मागे. आकडा डोक्यात धरून पलीकडे जायचं. तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे, उगाच कारणं सांगू नका.

आई, आता तुझं. तुम्हा दोघांची लॅपटॉपवरची खाती वेगळी केलीत, म्हणजे "अक्षरं कोणी लहान केली" हे भांडण संपलं. तुझ्या खात्यात स्केल १७५ करण्याचा मोह झाला होता, पण केलं नाही. स्केल वाढवलं की अक्षरांबरोबर बटणं, पट्ट्या, मेनू, सगळंच फुगतं आणि वाचायला जागा उरत नाही. त्याऐवजी कंट्रोल धरून अधिकचं चिन्ह दाब. फक्त पान मोठं होतं, चौकट तेवढीच राहते. कोणत्या साइटवर किती मोठं केलंस हे ब्राउझर स्वतःच लक्षात ठेवतो, रोज करावं लागत नाही. लेख वाचताना एफ ९ दाबून बघ. एज ब्राउझरमध्ये त्याने जाहिराती, बाजूच्या बातम्या, सगळं नाहीसं होतं आणि नुसता मजकूर उरतो. प्रत्येक पानावर चालत नाही, पण जिथे चालतं तिथे तुला फार आवडेल. खाली सरकायला स्पेसची लांब पट्टी दाब, बोटं दुखणार नाहीत.

कॉलवर स्वतःची चौकट लपवता येते, तीही दादा दाखवेल. तुझं अर्धं लक्ष केस नीट आहेत का याच्याकडे असतं. ते छान असतात. नातीचा चेहरा मोठा दिसू दे. सगळे एकदम जमतील त्या दिवशी मात्र टीव्हीला वायर जोडा, विंडोजचं बटण धरून पी दाबा आणि आरामात बसा.

आता सूचना, आणि या ऐकायच्या आहेत. लॅपटॉप पलंगावर किंवा मांडीवर घ्यायचा नाही, टेबलावरच ठेवायचा. पडदा हातभर अंतरावर. अक्षर दिसत नसेल तर अक्षर मोठं करायचं, मान पुढे न्यायची नाही. बाबा, हे तुम्हाला. वेगळा माऊस पाठवतेय, तो वापरा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब कुठेतरी, सहा-सात मीटरवर बघायचं. पडद्याकडे बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात, आणि मग तुम्ही ते चोळत बसता.

रिझोल्यूशनला, म्हणजे पडदा किती ठिपके दाखवतो त्या आकड्याला, हात लावू नका. अक्षरं मोठी करण्याचा तो रस्ता नाही, त्याने ती पुसट होतात. कधी एखादी खिडकी इतकी उंच उघडेल की खालचं ओकेचं बटण पडद्याबाहेर जाईल. छोट्या लॅपटॉपवर हे व्हायचंच, तुमचं काही चुकलेलं नसेल. ऑल्ट धरून स्पेस दाबायचं, मग एम, आणि वरच्या बाणाने खिडकी वर ढकलायची. बटण दिसलं की एंटर.

वरची खोली तशीच राहणार आहे. खुर्ची, दिवा, तुमच्या फायलींचं कपाट, काही हलवणार नाही, तसं दादाला बजावलंय. जुना मॉनिटरही टाकत नाही आहोत. महिनाभर छोट्यावर काम करून बघा, नाहीच पटलं तर दादा तो मॉनिटर खाली आणून याच लॅपटॉपला जोडून देईल आणि मी एक अक्षर बोलणार नाही. पण महिना पूर्ण करायचा. दोन दिवसांत निकाल द्यायचा नाही.

गोळ्या वेळेवर घ्या दोघंही.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, चष्म्याचा नंबर तपासायला जाल तेव्हा "जवळचं दिसत नाही" एवढंच सांगून परत येऊ नका. नेहमीसारखे टेबलाशी बसा, आईला डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर टेपने मोजायला सांगा आणि ते सेंटिमीटरमध्ये लिहून डॉक्टरांना दाखवा. पुस्तकाचं अंतर वेगळं आणि लॅपटॉपचं वेगळं, त्याला वेगळा चष्मा लागू शकतो. लागला तर करून घ्यायचा, "आहे त्यात भागतं" चालणार नाही.