मालिकेचा पुढचा भाग कोणत्या खणात?

महोदय,

टीव्हीवर बंद पडलेल्या विज्ञानमालिका कॉमिक्समधून पुढे सुरू राहतात, ती कॉमिक्स कोकणातल्या वाचनालयांनी आणावीत, ही आपल्या पत्रस्तंभातली सूचना आम्हाला मान्य आहे. फक्त ती कादंबऱ्यांसारखी घेतली, दाखल नंबर टाकून कपाटात लावली, तर दोन पावसाळ्यांत पैसे अक्षरशः पाण्यात जातील. वाचक त्याच्याही आधी गोंधळून परत जाईल.

गोंधळ क्रमाचा. ‘फायरफ्लाय’ ही अंतराळातली अमेरिकन मालिका घ्या. २००२ मध्ये फॉक्स वाहिनीने या मालिकेच्या १४ भागांपैकी ११च दाखवले, तेही उलटसुलट. कथेचा पहिला भाग डिसेंबरात, सगळ्यात शेवटी. २००५ मध्ये ‘सेरेनिटी’ हा चित्रपट आला आणि मालिका व चित्रपट यांच्यातली फट भरायला डार्क हॉर्स या कॉमिक्स प्रकाशनाने ‘दोज लेफ्ट बिहाइंड’चे तीन अंक काढले. २००८ चं ‘बेटर डेज’ही तीन अंकी. छापलं नंतर, पण गोष्ट आधीची, कारण इनारा हे पात्र त्यात अजून यान सोडून गेलेलं नाही. २०१० चं ‘द शेफर्ड्स टेल’ मालिकेतल्या बुक नावाच्या पाद्र्याचं आयुष्य शेवटाकडून मागे मागे उलगडत नेतं. ते चित्रपटाआधी हातात पडलं तर चित्रपटातली मोठी घटना आधीच कळते. चित्रपटानंतर काय झालं हे वाचायचं असेल तर २०१४ चं ‘लीव्ह्ज ऑन द विंड’ आणि त्यामागून आलेलं ‘नो पॉवर इन द व्हर्स’, दोन्ही सहा-सहा अंकांची. २०१८ मध्ये हक्क बूम स्टुडिओज या दुसऱ्या प्रकाशनाकडे गेले, आणि त्यांनी पुन्हा मालिकेच्याही आधीच्या युद्धाची गोष्ट काढली.

म्हणजे प्रकाशनवर्षाने लावलं की कथा विस्कटते. लेखकाच्या नावाने लावलं तर एकच मालिका तीन खणांत विखुरते, कारण लेखक बदलत जातात. यावर उपाय सोपा आहे: मालिकेच्या नावाचा एकच खण, प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर ठळक क्रमांक, आणि आतल्या पहिल्या कोऱ्या पानावर दोन ओळींची चिठ्ठी, ‘याआधी हे पाहा, यानंतर ते वाचा’. नोंदवहीत विषयाच्या रकान्यात ‘बालवाङ्मय’ लिहू नये. चित्रं दिसली की बालविभागात टाकायची सवय आपल्याकडे जुनी आहे, आणि यातली बरीच कॉमिक्स मुलांसाठी नाहीत.

‘द एक्स-फाइल्स’चा घोळ निराळा. १९९३ ते २००२ असे नऊ सीझन झाले. मग २०१३ पासून आयडीडब्ल्यू या प्रकाशनाने ‘सीझन १०’ या नावाने कॉमिक काढलं. मालिकेचे निर्माते ख्रिस कार्टर यांचा त्यात सहभाग होता, त्यामुळे वाचकांनी तीच अधिकृत पुढची गोष्ट मानली. २५ अंक झाले, ‘सीझन ११’ही सुरू झाला. आणि जानेवारी २०१६ मध्ये मालिकाच टीव्हीवर परतली, कॉमिकमधल्या घटना बाजूला ठेवून! आता ‘दहावा सीझन’ म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदवहीत ‘कॉमिक’ हा शब्द जोडला नाही तर वाचक एक मागेल आणि दुसरं घेऊन जाईल.

अधिकृत शिक्का म्हणजे निष्ठेची हमी, असंही समजू नये. गोल्ड की कंपनीने १९६७ पासून ‘स्टार ट्रेक’ची कॉमिक्स काढली. सुरुवातीच्या इटालियन चित्रकारांनी मालिका पाहिलेलीच नव्हती, हाताशी होते फक्त फोटो. त्यामुळे एंटरप्राइज यानाच्या इंजिनांतून मागे रॉकेटसारख्या ज्वाळा निघताना दिसतात. दूरदर्शनवर ही मालिका पाहिलेल्यांना ते पाहून हसू येईल, पण म्हणूनच असा एखादा खंड खणात हवा.

खरेदी करताना सुटे अंक टाळावेत. एका अंकात कथेची वीस-बावीस पानं असतात. सहा अंकांच्या कथेतला चौथा हरवला की उरलेले पाच कुणी नेत नाही. एकत्रित खंड घ्यावेत. सुटे अंक देणगीत आलेच तर ते नेहमीच्या बाइंडरकडे तसेच देऊ नयेत. तो कडेने टोचून शिवतो आणि तीन बाजूंनी कटिंग करतो. कडेच्या शिवणीत सेंटिमीटरभर पान गिळलं जातं, दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मध्य नाहीसा होतो आणि कटिंगमध्ये काठावरचे संवादांचे फुगे कापले जातात. त्याला बजावून सांगावं: प्रत्येक अंकाच्या पिना काढ, घडीवर मधोमध तीन भोकं पाडून दोऱ्याने शिव, मग अंक एकमेकांना जोड, कटिंग नको. पिना तशाही ठेवून चालत नाही. खाऱ्या हवेत त्या गंजतात आणि गंज आजूबाजूचा कागद खातो.

आता पाऊस. कॉमिकच्या गुळगुळीत कागदावर खनिजाच्या भुकटीचा आणि चिकट द्रव्याचा लेप असतो. तो भिजला की मऊ होतो, आणि पुस्तक मिटलेलं असताना वाळला की पानं विटेसारखी घट्ट बसतात. मग ती सुटत नाहीत. ओढली तर चित्र सोलून निघतं. कादंबरी भिजली तर वाकडीतिकडी का होईना, वाचता येते. हे येत नाही.

न भिजताही धोका आहेच. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याहून बरीच वर असते. कपाटात सिलिका जेलच्या चार पुड्या टाकून काही होत नाही, कारण लोखंडी कपाटाच्या फटींतून हवा सतत बदलते. रबरी पट्टीचे घट्ट झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे घ्यावेत. ते भरायचे जानेवारी-फेब्रुवारीत, मे अखेरीस नव्हे. कागद स्वतःच हवेतलं पाणी धरून ठेवतो. मे महिन्यात भरलेला दहा किलोचा डबा म्हणजे आत जास्तीचं पाणी कोंडणं, आणि तेवढं शोषायला मूठभर जेल पुरत नाही. नारिंगी जेल घ्यावं. निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं, मुलांच्या हाताला नको. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी थांबत नाही. पीव्हीसीची कव्हरं कालांतराने चिकटतात, पॉलिप्रॉपिलीनची चालतात.

उघड्या कपाटात ठेवायचं असेल तर कपाट भिंतीपासून वीतभर लांब हवं आणि सगळ्यात खालचा खण रिकामा. चिपळूणने २००५ आणि २०२१ च्या जुलैत पुरात जे पाहिलं, त्यानंतर तळमजल्यावरच्या वाचनालयांनी हा खण पहिल्या मजल्यावरच न्यावा हे बरं.

तरीही भिजलंच तर उन्हात टाकू नये. ओलं असतानाच एकेक पान सुटं करून मध्ये बटर पेपर घालावा आणि पंख्याखाली ठेवावं, तेही दोन दिवसांच्या आत. पुस्तकं जास्त असली आणि हात कमी, तर प्रत्येक पुस्तक दुहेरी पॉलिथिनमध्ये बांधून उणे १८ अंशांच्या शीतगृहात ठेवावं. मासळीचं किंवा आंब्याच्या पल्पचं, ते किनाऱ्यावर शोधायला लागत नाही. तिथे बुरशी थांबते आणि पानं चिकटायची थांबतात. मग चार-चार पुस्तकं बाहेर काढून वितळतील तशी पानं सोडवावीत. मासळीच्या गोदामात ठेवणार असाल तर पॉलिथिनची गाठ दोनदा तपासावी.

— ग्रंथालयांत काम करणारे काही वाचक, रत्नागिरी