चंद्रीच्या उचापती

चि. मृणाल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल दसरा झाला. तुझ्या आईने आपल्या चंद्री घोडीला कुंकू लावून ओवाळायला घेतले, आणि निरांजन एकदा फिरते न फिरते तोच तिने मान उंचावून तबेल्याच्या दाराचे झेंडूचे तोरण ओढून काढले व आमच्या देखत अर्धे फस्त केले. फोनवर हे ऐकून तू हसलीस, पण लगेच गप्प झालीस आणि म्हणालीस की, मी इकडे शिरवळला पशुवैद्यकीच्या शिक्षणासाठी असताना तुम्हा दोघांना हा ताप कशाला, येत्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत तिला विकून टाका. त्या वेळी मला नीट उत्तर सुचले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. घोडी विकायची नाही.

तू गेलीस तेव्हा पाऊस लागला होता. तुझी सकाळची रपेट बंद झाली, शेतात कपाशी उभी होती आणि आपल्या काळ्या जमिनीत घोडीचे पाय रुतत असल्यामुळे तिला मोकळे सोडण्याची सोय उरली नाही. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी तिची गत झाली. सालदाराची टोपी पळवणे, पाण्याची बादली पालथी घालून तिच्यावर पाय आपटणे आणि दोरीवरचे कपडे ओढणे हे तर रोजचेच होते, पण दाराची कडी ती कशी काढते हे पाहण्यासाठी मी एकदा चहाचा कप घेऊन ओट्यावर बसून राहिलो. घोड्याला स्वतःच्या नाकाखालचे दिसत नाही, त्यामुळे ती कडीकडे पाहतसुद्धा नव्हती. नजर माझ्यावर होती आणि वरचा ओठ मात्र अंधारात किल्ली चाचपणाऱ्या माणसाच्या बोटासारखा कडीभोवती फिरत होता. ओठावरच्या राठ केसांनी तिने कोयंडा शोधला, कडी उचलली, जिभेने बाजूला सारली आणि माझ्यासमोरून ती थेट कांदाचाळीकडे चालती झाली. राग आला हे खरे, पण शाळेत असा एखादा विद्यार्थी भेटला असता तर मी त्याचे कौतुकच केले असते, हेही खरे.

त्या दिवशी मात्र मी कौतुक केले नाही. मी तिला आगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून-मागून दोर लावून आखूड बांधले. तीन-चार दिवस तबेल्यात शांतता होती आणि ती एका पुढच्या पायावरून दुसऱ्या पायावर भार देत, मान डावी-उजवीकडे हलवत उभी असे. मला वाटले, नंदीबैलासारखी मजेत डोलते आहे. पाचव्या दिवशी ती गव्हाणीच्या फळीत पुढचे दात रोवून घशातून आवाज काढत हवा ओढताना दिसली, तेव्हा मी घाबरून डॉक्टरांना बोलावले. त्यांनी घोडीकडे थोडा वेळ आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिले. कोंडलेल्या आणि कंटाळलेल्या घोड्याला लागणाऱ्या या खोडी आहेत, त्या एकदा अंगवळणी पडल्या की सहसा सुटत नाहीत, असे त्यांनी सांगितले. दोर त्याच वेळी सुटले.

तुला हे सारे पुढे शिकवतीलच, पण मला ते साठी उलटल्यावर कळले, म्हणून सांगण्याची हौस आहे. मोकळा घोडा दिवसातून पंधरा-सोळा तास चरतो. त्याचे पोट लहान असते आणि त्यातले आम्ल चारा असो वा नसो, सतत पाझरत राहते. ते सौम्य करणारी लाळ मात्र चघळल्याशिवाय सुटत नाही. आपण काय करत होतो? सकाळ-संध्याकाळ हरभऱ्याची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, आणि गवताचा एक भारा टाकून मोकळे होत होतो. दीड-दोन तासांत ती सगळे संपवी आणि उरलेला वेळ रिकामे पोट व रिकामे डोके घेऊन उभी राही. आता चंदी निम्म्यावर आणली आहे आणि वाळलेले मारवेल गवत दिवसभरात सात किलो, चार वेळा विभागून देतो. तेही मोकळे नाही. निळ्या प्लॅस्टिकच्या जुन्या पिंपाला सालदाराने मुठीएवढी भोके पाडून कडा घासून गुळगुळीत केल्या, आणि त्या भोकांतून काडी काडी ओढून खाण्यात तिचा प्रहर निघून जातो. जाळी टांगण्याचा विचार होता, पण नाल मारलेला पाय तिच्यात अडकेल म्हणून तो सोडला. कुंपणाची कण्हेर मात्र मुळासकट काढून टाकली, कारण तिची थोडी पानेही घोड्याच्या जिवावर बेततात आणि ही बाई सध्या सगळेच चाखून पाहते.

करमणुकीचे म्हणशील तर पाच लिटरच्या रिकाम्या कॅनला दोन भोके पाडून आत मूठभर चणे घातले. पहिल्या दिवशी त्या खडखडाटाने ती बिचकून कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, तिसऱ्या दिवशी नाकाने ढकलून चणे काढू लागली आणि आठवड्याने तो कॅन तिने सरळ कुंपणापलीकडे फेकून दिला. तेव्हापासून कोणतीही वस्तू दोन दिवसांहून अधिक तिच्यापुढे ठेवत नाही. खरी सोबत झाली ती शेळीची. रात्री दोघींची तोंडे एकाच दिशेला असतात. शेळी गव्हाणीत चढून बसते, हा नवा उपद्रव आहे, पण त्याची तक्रार घोडी करत नाही तर मी का करावी?

आता माझ्या फजितीचे सांगतो. पहाटे पाचला ती दारावर लाथा मारी, शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून मी धावत जाऊन गवत टाकी. एकतीस वर्षे मुलांना शिकवलेल्या माणसाला हे उमगायला महिना लागला की दार वाजवले की न्याहारी मिळते हा धडा मीच तिला रोज देत होतो. मी जाणे बंद केले, तर पहिले पाच-सहा दिवस तिने दार दुप्पट बडवले. शेजाऱ्यांकडे मी आधीच शब्द टाकून ठेवला होता, म्हणून निभावले. आता आवाज थांबल्यावरच मी बाहेर पडतो. रोज वीस मिनिटे तिची शाळाही घेतो. जमिनीवर आडवे टाकलेले बांबू न शिवता ओलांडणे, ताडपत्रीवरून चालणे, सांगताच मागे सरणे. नेमके जमले त्याच क्षणी शाबासकी द्यावी लागते, उशिरा दिली तर ती कशाची हे तिला कळत नाही. डोलणे आता क्वचित दिसते. फळी धरणे पूर्ण थांबले नाही, ते तुझ्यापासून लपवत नाही.

दिवाळीला येशील तेव्हा दोन गोष्टी पाळ. तळहातावर गूळ देऊ नकोस, बादलीत टाक, कारण तुझ्या त्या लाडामुळे ती माणसांचे खिसे तपासते आणि खिशात काही नसले तर चावा घेते. दुसरे म्हणजे येताना एक जाड स्प्रिंगचा हुक घेऊन ये. सध्या कडीला तारेचे तीन पीळ दिले आहेत आणि आज सकाळी त्यांतले दोन सुटलेले होते.

तुझे,
बाबा

ता. क. दोरीवरून ओढलेल्या कपड्यांत आईची जांभळी साडी होती. तू विषय काढू नकोस.