मामाच्या औषधांबद्दल

चि. मुग्धास,

अनेक आशीर्वाद.

मामाला रात्री झोप नाही, शेजारच्या काकूंनी झोपेची गोळी दिलीय, अर्धी देऊ का, असं तू विचारलंस. अजिबात देऊ नकोस. फोनवर घाईत नुसतं 'नको' म्हटलं, म्हणून सविस्तर लिहिते.

पोटात गेलेली गोळी आतड्यातून आधी यकृतात जाते आणि मग अंगभर. काही औषधांचा मोठा भाग त्या पहिल्या फेरीतच निकामी होतो. नेहमीचा डोस हे धरूनच ठरवलेला असतो. मामाचं यकृत सिऱ्हॉसिसने, म्हणजे त्यात व्रण साचून, कडक झालंय, त्यामुळे बरंचसं रक्त त्याला वळसा घालून आडवाटेने पुढे जातं. डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल (यकृताकडे जाणाऱ्या शिरांतला दाब कमी करणारं औषध) इतकं कमी का सुरू केलं, ते यावरून कळेल. तेवढ्याच गोळीतलं कितीतरी जास्त औषध त्याच्या रक्तात उतरतं.

काकूंनी दिलेली गोळी डायझेपाम असेल, तर आणखी अवघड. धडधाकट माणसाच्या अंगातूनही ते निम्मं व्हायला दोनेक दिवस लागू शकतात, सिऱ्हॉसिसमध्ये त्याच्या दुपटीच्या आसपास. आजची उतरायच्या आत उद्याची पडते, आणि त्यात, यकृताने साफ न केलेल्या रक्तातल्या अमोनियाने मेंदू आधीच मंदावलेला असू शकतो. रात्री टक्क जागं आणि दिवसा पेंगणं, हे पुष्कळदा या मंदावण्याचंच पहिलं लक्षण असतं. मला धास्ती आहे ती याची. त्याला दोन्ही हात पुढे करून पंजे वर उचलून धरायला सांग. पंजे फडफडल्यासारखे खाली पडत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने. लॅक्टुलोज, म्हणजे पोट साफ करून अमोनिया कमी करणारं औषध, चुकवू नकोस. दिवसाला दोन-तीनदा पोट साफ व्हायला हवं.

गुडघा दुखला तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक दोन्ही वर्ज्य. त्यांनी मूत्रपिंडं बिघडतात, पोटात पाणी वाढतं, रक्तस्राव होऊ शकतो. लोक घाबरतात पॅरासिटामॉलला, पण डॉक्टरांना विचारून, दिवसाला २ ग्रॅमच्या आत, तीच त्यातल्या त्यात बरी. सर्दीच्या गोळ्यांतही ती असते, तेव्हा पाकिटामागचे घटक वाचून बेरीज कर.

मामी म्हणते, एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) नॉर्मल आलंय. ते चांगलंच, पण त्या आकड्यावरून पेशींना आत्ता किती इजा होतेय एवढंच कळतं. यकृत काम किती करतंय याचा अंदाज रक्तातलं अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) पाहून येतो. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनवरून डोस ठरवता येतो; यकृतासाठी असा एकच आकडा नाही, म्हणून डॉक्टरही थोडं देऊन, बघून, मग वाढवतात.

आणि गुळवेलाचा काढा बंद कर. मामीला वाईट वाटेल, तिची माया मला कळते. पण काढा घेऊन यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती.

घरातली सगळी पाकिटं, बाटल्या, पुड्या एका पिशवीत भर. मी रविवारी येतेय, सोमवारी ती पिशवी घेऊनच डॉक्टरांकडे जाऊ.

तुझी,
आई