मुक्त सॉफ्टवेअरला सरकारी पैसा हवाच

महोदय,

जर्मन सरकारच्या पैशावर चालणाऱ्या ‘सॉव्हरिन टेक फंड’ने २०२३ मध्ये लिनक्स या मुक्त (ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो अशा) संगणक प्रणालीवरच्या ‘ग्नोम’ या डेस्कटॉपसाठी १० लाख युरो दिले. त्यातून झालेल्या कामांत अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेची सुधारणाही होती. हे काम किचकट आणि कायमचे. कोणी हौशी स्वयंसेवक रात्री जागून करील, या भरवशावर ते सोडता येत नाही. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी संगणक कंपनीने एकेकाळी पगारी माणसे नेमून ते केले. २०१० मध्ये ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीने सन विकत घेतली, त्या माणसांतल्या काहींच्या नोकऱ्या गेल्या आणि ग्नोमच्या ‘ओर्का’ या स्क्रीन रीडरचा, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामचा, भार मोजक्या लोकांवर पडला.

आपल्याकडे केंद्राने मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण २०१५ मध्ये आणले, दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये. दोन्ही कागद बहुधा एकाच मंत्रालयाच्या कपाटात नसावेत! सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचे ‘बॉस’ लिनक्स आहे, ‘ई-स्पीक’ हा मजकुराचा आवाज करणारा मुक्त प्रोग्राम फुकटात मराठी वाचतो. पण त्याचा यांत्रिक आवाज तासभर ऐकून पाहावा, म्हणजे काम किती बाकी आहे ते कळेल.

विकतच्या सॉफ्टवेअरच्या परवान्यांवर दरवर्षी होणाऱ्या सरकारी खर्चातला थोडा हिस्सा अशा प्रकल्पांतल्या पगारी प्रोग्रामरांसाठी राखून ठेवावा, आणि त्यांच्या कामाची चाचणी अंध वापरकर्त्यांकडून, त्यांना मानधन देऊन, करून घ्यावी. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने मराठी आवाजापासून सुरुवात केली तरी चालेल.

– एक वाचक, सातारा